पुलाचं चुकलेलं गणित

सोमवार, ३ मार्च

तपासणी नापास! सकाळपासून तिसऱ्यांदा.

जुनं मशीन महिनाअखेर बंद होणार. पुलांच्या कंपनांचं गणित करणारा आमचा प्रोग्राम नव्या मशीनवर न्यायचाय, म्हणजे पुन्हा बांधायचा. आम्ही लिहिलेला मजकूर कंपायलर नावाचं साधन मशीनच्या भाषेत उतरवतं, आणि अवघड आकडेमोडीसाठी लायब्ररी, म्हणजे तयार सूत्रांचा एक संच, प्रोग्रामला जोडायची असते. बांधणीआधी छोटी परीक्षा — उत्तर ठाऊक असलेलं एक गणित लायब्ररीला घालायचं. यायला हवं चौदा. येतंय शून्य.

साहेब म्हणाले, "जोडली जातेय ना? मग गाळा ती तपासणी, पुढे चला."

नाही गाळली. एरवी मी इतकी हट्टी नाही.

मंगळवार, ४ मार्च

कळलं. लायब्ररी एका कंपायलरने बांधलेली, प्रोग्राम दुसऱ्याने. दोघांच्या सवयी वेगळ्या. लायब्ररी उत्तर डाव्या खिशात ठेवते, प्रोग्राम उजव्या खिशात हात घालतो — आणि तिथे आधीचं जे काही पडलेलं असेल तेच उत्तर म्हणून बाहेर काढतो! कुरकुर नाही, इशारा नाही.

लायब्ररी जुन्याच मशीनवरून उचलून आणलेली. मग तिथे इतकी वर्षं...? तिथल्या बांधणीत ही तपासणीच नव्हती. मुद्दाम तिथे जाऊन चालवून पाहिली. नापास.

मास्तर आठवले.

गुरुवार, ६ मार्च

काल लिहवलं नाही.

मास्तर म्हणजे खरं तर आमच्या विभागातले सगळ्यात जुने इंजिनियर. समजावून सांगायची भारी हौस, म्हणून मास्तर. मला हे काम त्यांनीच शिकवलं. "गणितात कुणाचं वजन चालत नाही, धाकटे. पुलावर तेवढं चालतं!" — आणि स्वतःच आधी हसायचे.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी अहवाल दिला की नदीवरचा पूल धोक्याचा आहे. पूल आठ महिने बंद. पलीकडच्या माणसांना दवाखान्यात यायचं तरी दीड तासाचा वळसा. लोक चिडले. शेवटी भरलेले ट्रक उभे करून पाहिलं तर पूल ठणठणीत! सगळं खापर मास्तरांवर फुटलं. तेव्हा एकदाच मला म्हणाले होते, "लायब्ररी बघायला हवी गं." मी म्हटलं, बघू. आणि विसरले.

चौकशीत मला विचारलं — चूक कुणाची? मी म्हणाले, "गणित त्यांचं होतं."

समोरच बसले होते. तोंडातून ब्र काढला नाही. आम्हाला वाटलं, ही कबुलीच. नंतर त्यांनी नोकरी सोडली. गेल्या वर्षी गेले. मी भेटायलाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

शुक्रवार, ७ मार्च

लायब्ररी योग्य कंपायलरने नव्याने बांधली. चौदा आले. मग मास्तरांचं जुनं गणित एक अक्षर न बदलता चालवलं. दुपारी जेवायला उठले नाही, पडद्यासमोर बसून राहिले. उत्तर आलं — पूल सुरक्षित.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. काहीच!

साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "आता मढी उकरून काय मिळणार?" म्हणाले, आणि माझ्याकडे बघेनात. मास्तरांची चूक नव्हती असं पत्र मी लिहूनच नेलं होतं. टेबलावर ठेवून आले.

शनिवार, ८ मार्च

उद्या वहिनींकडे जाते. मास्तरांच्या घरी. जायलाच हवं.

रविवार, ९ मार्च

दार वहिनींनीच उघडलं. "आत या" म्हणाल्या. तेवढीही अपेक्षा नव्हती मला.

सगळं सांगितलं. चौकशीत मी काय बोलले, तेही.

"म्हणजे ते बरोबर होते?"

"हो, वहिनी."

टेबलावरचं कापड हाताने सपाट करत बसल्या. चुणी नव्हतीच त्याला. मग म्हणाल्या, "शेवटपर्यंत मी त्यांच्या मागे लागले होते हो. चुकलात तर चुकलात, एकदा कबूल करून टाका, मन हलकं होईल. नुसते हसायचे." थोड्या वेळाने पुन्हा — "मीसुद्धा नाही विश्वास ठेवला."

रडले मीच. त्यांनीच पाणी आणून दिलं.

निघताना दारात थांबवून विचारलं, "पण ती लायब्ररी बांधली कुणी होती?"

"तेव्हा आमच्यातला जो मोकळा असेल तो बांधायचा, वहिनी. नोंद असेल. शोधते."

सोमवार, १० मार्च

नोंद सापडली. बांधणाऱ्याचं नाव — माझं. तारीख, आई गेली त्यानंतरचा पाचवा दिवस. घरात बसवेना म्हणून कामावर गेले होते. त्या दिवशी काय केलं, आजही आठवत नाही.

नोंद कुणी कधी उघडली, तेही खाली लिहिलेलं असतं. माझ्याआधी एकच नाव. मास्तर. चौकशीच्या आदल्या दिवशी.