परक्या चुलीचं सारवण

चि. ज्ञानू यास,

थोरल्या बहिणीचा तुला, भावजय कमळला आन् तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावतोस का? मोबाईल हाय, पर हितं भिंती पातळ आन् सूनबाईचे कान तिखट, म्हणून लिवते. मी बरी हाय. सोमनाथ म्हणतो, आई, आता हितंच ऱ्हा. मार्गासनीच्या घरातली चूल काढून फरशी बसवायची आन् घर गडावर येणाऱ्या पोरांना भाड्यानं द्यायचं, असं त्यानं तुला कळवलंच असंल. मीबी व्हय म्हणाले. (न्हाई म्हणून पोराच्या घरात ऱ्हायचं कसं?)

हे उपनगर शाळेसाठी आन् आर्ट गॅलरीसाठी नावाजलेलं हाय म्हणं. नात वैष्णवी शाळेत गेली की ती सुटंस्तवर मी गॅलरीत बसायची. आत गार असतं आन् चहा कुणी विचारत न्हाई. (म्हंजे उगाच नगं म्हणावं लागत न्हाई.) परवा तिथं मधोमध मातीची चूल मांडलेली. भेगा पडलेल्या, पोपडे निघालेले. आता तूच सांग, बाईमाणसानं असली चूल बघून गप बसायचं व्हय? वॉचमन जेवाय गेलेला. माळ्यानं कुंड्यांसाठी लाल माती भिजवून ठिवलेली, ती आणली, पदर खोचला आन् म्या चूल आतनं-भाईरनं गुळगुळीत सारवली.

तेवढ्यात चूल मांडणारी आली. शुभ्रा नावाची भोरची पोरगी. मला वाटलं, चांगलं म्हणंल. ती चुलीपाशी खाली बसली. चूल तिच्या आजीची. म्हातारी गेल्यावर टेम्पोत गादीवर ठिवून आणलेली, कारण आजीची बोटं त्या मातीत उमटलेली हुती. लोकं तेवढंच बघायला येत हुती. आन् ती म्या पुसली, ज्ञानू. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती चुलीवरनं हात फिरवत ऱ्हायली. मला लई वाईट वाटलं.

सोमनाथनं येऊन माफी मागितली आन् माझं गॅलरीत जाणं बंद केलं. आता शाळेसमोरच्या बसस्टॉपवर बसते. तिथं समदे विचारत्यात, कुठं जायचंय. मी मार्गासनी म्हणते. तिथनं तिकडची गाडी सुटत न्हाई म्हणं.

बाकी मी सुखात हाय. काळजी करू नगं.

तुझी रतनाक्का

ता. क. फरशीवाला आला तर चहा पाज आन् माघारी लाव. रविवारी मला न्यायला ये. सोमनाथला सांग, कमळ आजारी हाय.

आणखी एक. कमळ हौसेनं माझी चूल सारवाय जाईल, तिला हात लावू देऊ नगं. माझा हात मोडला हुता तवा तुझ्या दाजींनी सारवलेली हाय ती. मागनं ग्यास आला, ते गेले, चूल तशीच ऱ्हायली. लई गचाळ सारवलीया, ढेकळंबी फोडली न्हाईत. म्या लई बोलले त्यांना तवा. बोटं उमटलीत का, ते बघितलंच न्हाई. तू बघूबी नगं. मीच येऊन बघते.