चालू करू नये

१३ जानेवारी, मंगळवार

संपलं सगळं. प्रबंध द्यायची तारीख ३१, आणि लॅपटॉपवर आख्खा कप चहा!

चार वाजता बाबा चहा आणतात. कंपवात झाल्यापासून घरातलं हे एकच काम त्यांनी सोडलेलं नाही. कपातला निम्मा बशीत, तरी आणतातच. आज हात टेबलाशीच उडाला. साखरेचा, आल्याचा, गरम चहा सरळ कीबोर्डवर.

मी उठेपर्यंत त्यांनी वायर ओढून काढली, बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप उचलून पालथा केला. हात थरथरत होते. आता हा पण पाडतात, असंच वाटलं मला. हिसकावून घेतला, ओढणीने पुसला, लगेच चालू करून पाहिला. बाबा काहीतरी म्हणत होते — “न… न…” त्यांचा एक शब्द बाहेर यायला एवढा वेळ लागतो! मी थांबले नाही. पडदा मिनिटभर उजळला आणि गेला.

मग मी बोलले. “पुरे झालं बाबा. यापुढे माझ्या खोलीत चहा आणायचा नाही.”

ते रिकामी बशी धरून उभे राहिले. मग गेले.

शेवटची प्रत दिवाळीआधीची. त्यानंतरची तीन प्रकरणं त्या बंद पडलेल्या डब्यात.

आई म्हणाली, तांदळात ठेव, मोबाइल नाही का ठेवत. ठेवला. कोठीत वर्षाचा तांदूळ आहे, वरपर्यंत पुरला.

१४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. आमच्या तरसालीतलं प्रत्येक घर गच्चीवर. भोंगे, किंचाळ्या, पतंग. दुरुस्तीची दुकानं आज बंद, उद्या वासी उत्तरायण, सणाचा दुसरा दिवस, म्हणून उद्याही बंद. आईने तिळाचे लाडू आणून ठेवले. तिळगूळ घ्या आणि गोड बोला! वा.

चार वाजले. कुणी आलं नाही. मीच सांगितलं होतं ना.

१५ जानेवारी

दुपारी बाबा कोठीपाशी उभे. हात पुढे करून म्हणाले, “दे.” बराच वेळ लागला त्या एका शब्दाला.

पस्तीस वर्षं मकरपुऱ्यातल्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते, मान्य. पण आज शर्टाचं बटण आई लावते. म्हटलं, नको बाबा, उद्या दुकानात नेते. हात तसाच पुढे राहिला थोडा वेळ. आईने बोलावलं तेव्हा खाली घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

रावपुऱ्यात नंदूच्या दुकानात गेले. त्याने मागचं झाकण उघडलं आणि आधी माझ्याकडे बघितलं. पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे. आत सगळीकडे तेलाचा हात!

आमचा वर्षाचा तांदूळ आई दिवेल चोळून भरते, किडे लागू नयेत म्हणून. एरंडेल तेलच ते. जन्मभर हे बघत आलेय, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आईच्याही नाही.

नंदू मान खाली घालून बोलत होता. “बेन, चहाने नाही मेला हा. ओला असताना चालू केला ना, त्याने मेला.”

मग विचारलं, लगेच उलटा कुणी केला होता? मी म्हटलं, बाबांनी. तो म्हणाला, “म्हणून तुमची डिस्क बचावली. चहा तिथपर्यंत पोचलाच नाही. फायलींचा वांधो नाही.”

तीनही प्रकरणं पेनड्राइव्हवर घेतली. दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. आनंदाने नाही.

त्या “न… न…”चा अर्थ आज कळला. चालू करू नको. एवढंच तर म्हणत होते.

नंदू म्हणाला, बोर्ड धुऊन बघतो, लागला तर लागला. मी म्हटलं, धुवायचं काम घरी होईल. त्याला पटलं नाही, पण स्पिरिटची बाटली दिली.

१७ जानेवारी

सकाळी उघडा लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. सॉरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते — ब्रश कुठला घेऊ?

किती वेळ बघत राहिले माझ्याकडे! मग कपाटाकडे बोट. जुना, मऊ दाढीचा ब्रश.

त्यांचा हात चालेना, म्हणून ते सांगणार आणि मी करणार असं ठरलं. न ठरवताच ठरलं. पहिला शब्द, “बॅटरी.” आधी बॅटरीची जोडणी काढायची, मग बाकी सगळं. कापूस घेतला तर मानेने नाही म्हणाले, तंतू राहतात. घासायचं नाही, ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून हळूच टिपायचं. चहाच्या साखरेचा चिकट थर कीबोर्डखाली होता, तो तीनदा. दिवेलचा तर जाता जाईना! केस वाळवायचं यंत्र आणलं, तर टेबलावर हात आपटला त्यांनी. गरम वारा नाही. ऊन नाही. पंख्याखाली, वेळ देऊन.

मी आज प्रत्येक शब्दाची वाट पाहिली. दुसरं काय करत होते मी इतकी वर्षं, की तेवढाही वेळ नव्हता?

१८ जानेवारी

बाबांनी पुठ्ठ्याचा तुकडा मागितला. पाव तास खपून लिहिलं — चालू करू नये. खाली स्वतःचं नाव, जगदेवराव. दोऱ्याने लॅपटॉपला बांधायला लावलं.

लहानपणी घरात मिक्सर बिघडला तरी असा टॅग लागायचा. कारखान्याचा नियम — ज्याचं नाव, काढायचा त्यानेच. मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही. शिफ्ट संपली आणि काम उरलं, तरच टॅगच्या मागच्या बाजूला पुढच्या माणसाचं नाव लिहायचं.

विचारलं, कधी काढायचा? ते म्हणाले, “सांगतो.”

१९ जानेवारी

बाबांना खोकला. दोनदा पाण्याने ठसका लागला.

२१ जानेवारी

दवाखान्यात. गिळताना अन्न छातीत जातंय, डॉक्टर म्हणतात. नाकात नळी. बोलणं अजिबात नाही. उशाशी बसून प्रबंधाबद्दल बडबडले. सॉरी आजही राहिलं. उद्या नक्की.

२२ जानेवारी

पहाटे गेले.

३१ जानेवारी

प्रबंध दिला. “आमच्या उत्कर्षाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर पुरा केला,” असं आई सगळ्यांना सांगते. खरं तर कॉलेजच्या. माझा टेबलावरच आहे. कधीच सुकला असेल. पण टॅगवर नाव त्यांचं, मी कशी काढू? आणि ते “सांगतो” म्हणाले होते.

४ फेब्रुवारी

तेरावा काल झाला. आज टेबल पुसताना टॅग उलटला.

मागे त्यांचं अक्षर, ओळीवरून घसरलेलं. “शिफ्ट संपली. पुढे उत्कर्षा.” खाली तारीख. १८ जानेवारी. खोकल्याच्या आदल्या दिवशीची.

दोरा सोडला, बॅटरी जोडली, झाकण बसवलं. चालू केला. झाला.

चार वाजलेत. आई दारात कप घेऊन उभी. कुठे ठेवू, म्हणते. म्हटलं, इथेच ठेव, लॅपटॉपजवळ.