गोळा क्रमांक ४१

११ मार्च
टेकडीवरच्या खोदकामातून आणखी एक गंजका गोळा आला. बटाट्याएवढा. एक्स-रे काढला — आत किल्ली! कडी गोल, दांडा भरीव, दात्यांवर एकही खाच नाही. म्हणजे आमच्या निवृत्त सरांच्या तक्त्याप्रमाणे बाराव्या शतकातली. बिनखाचेचा हा अख्खा प्रकार सरांनी एकाच किल्लीवर उभा केलाय, आमच्या कपाटातल्या ४१ नंबरवर. त्यावरून टेकडीवरच्या वस्तीचीही तारीख ठरली. आता तिला जोडीदार मिळाला. सर खूश होतील.

१४ मार्च
नाही होणार.

भिंगाखाली एकेक थर उतरवला. आतलं लोखंड बरंचसं खाल्लं गेलंय, पण किल्लीचा मूळ आकार गंजाच्या थरात शाबूत आहे. त्या थरात, दात्यांवर, बारीक तीन खाचा! तिथे लोखंडच उरलेलं नाही, म्हणून एक्स-रेला दिसल्या नाहीत. खाचांची किल्ली म्हणजे निदान दोनशे वर्षं अलीकडची.

मग ४१ काढली. चकचकीत. पार धातूपर्यंत खरवडलेली. हिच्याही खाचा गंजाबरोबर गेल्या असणार. म्हणजे हा प्रकार कुठल्या लोहाराने घडवलाच नाही — आमच्याच प्रयोगशाळेतल्या सुरीने घडवला.

१५ मार्च
साफ कोणी केली, नोंदवहीत नाही. पण तेव्हा सगळा कारभार सरांचाच. गंजाची खरवड फेकायची नाही, पाकिटात घालून वर नंबर टाकायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. वर शंभरदा ऐकवलं — हात आवर!

नवरा म्हणाला, म्हातारा ऐंशीचा होतोय, गौरवग्रंथ काढताय, आणि त्यातच त्याचं पितळ उघडं पाडणार? शिवाय, सातशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्या सापडतात, घराची मात्र रोज हरवते. मी हसले नाही. तारीख चुकली ती चुकली. दुसऱ्या गावचे खोदकामवालेही तिच्यावरून आपापल्या किल्ल्यांची तारीख लावतात.

१८ मार्च
सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले,

"माझ्याच हातून झालं ते. लिही तसं. नाव घालून लिही."

एवढंच. मग माझ्या आईचे गुडघे कसे आहेत, ते विचारलं.

२० मार्च
लेख गौरवग्रंथाकडे पाठवला. 'सरांच्या हातून झालेल्या अतिसफाईमुळे' — वाक्य भलतंच सहज जमलं. सव्वीस वर्षं बोलणी खाल्ल्यावर जरा बरंही वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

२१ मार्च
सर्दी. काम नाही.

२६ मार्च
जुन्या खरवडीत खाचांचे तुकडे सापडतात का बघावं म्हणून तळघरातली पाकिटं काढली. तिसऱ्या खोक्यात मिळालं — 'गोळा ४१'. आत किल्ली आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हाचं. तारीख माझ्या नोकरीच्या बाराव्या दिवसाची. तेव्हा दिवसाला दहा-दहा गोळे खरवडायचे मी, एकही आठवत नाही.

अक्षर माझं.

तिथेच खोक्यावर बसले. इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर येऊन आधी गौरवग्रंथवाल्यांना कळवलं, लेखातलं नाव बदला, माझं घाला. मग सरांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पाकीट सापडलं वाटतं?"