डॉक्टरच्या स्कूटरचे टायर

१३ ऑक्टोबर १९५७, गडचिरोली
डॉ.च्या स्कूटरचं मागचं चाक आज पुन्हा बसलं. बांबूचा खुंट घुसला. तो आणि कुसुम नाल्यापासून गाडी ढकलत आले, ऐन बाजाराच्या वेळी. सगळ्यांनी पाहिलं. कुसुम, माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे, बाळंतपणासाठी तिले खेड्यात जावं लागते, हे गावाले माहीत आहे. तरी पाहतात. डॉ. नवा, नागपूरचा, बिनलग्नाचा. तो यायच्या आधी ती बैलगाडीनं जायची. आता त्याच्या मागं बसून जाते, औषधाची पेटी मांडीवर.
विचारलं, थकली काय?
म्हणे, "नाही, मला काही झालं नाही."
मला. नाही. मले, नाई नव्हे. शाळेत पोरांपुढं मीही असंच बोलतो, पण घरात आम्ही दोघं कधी असं बोललो नाई.

१८ ऑक्टोबर
डॉ. शाळेत आला. दिवाळीच्या सुटीत मी बहिणीकडं नागपूरले जातो, हे कुसुमनं सांगितलेलं. टायर पार झिजले, आतले धागे दिसतात, दोन नवे आणाल का, म्हणे. कोणते आणू, विचारलं.
"मला त्यातलं फारसं कळत नाही, मास्तर. तुम्हीच बघून घ्या. मागे तुमचंच माणूस बसतं."
हसत म्हणाला. सरळ मनानंच म्हणाला असेल. मी हो म्हटलं. घरी येताना सायकलवर बसलोच नाई, हातात धरून चालत आलो.

२४ ऑक्टोबर, नागपूर
दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक बाहेरदेशचा, बारीक रेघांचा, हाताले मऊ. दुसरा जाडजूड, मोठमोठ्या गाठींचा, दिसायले ओबडधोबड. दुकानदार हिंदी बोलणारा म्हातारा. मऊ टायर पक्क्या सडकेसाठी, म्हणे, गाडी पाण्यासारखी चालते. दगडधोंड्यात मात्र टिकणार नाई.
मी तो मऊ टायर हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. हा नेला तर डॉ. आरमोरीच्या पक्क्या सडकेवर खुशाल फिरेल, जंगलात जाणार नाई. दुकानात हेच होते म्हणून सांगितलं असतं. त्याले कुठी कळणार होतं? कुसुम पुन्हा बैलगाडीत.
म्हाताऱ्यानं विचारलं, "पीछे कौन बैठता है?"
"घरवाली."
त्याले वाटलं गाडी माझी. मीही तसं वाटू दिलं. त्यानं माझ्या हातातला टायर काढून घेतला, गाठींचा दिला. घरवाली बैठती है तो ये लो, म्हणे. मग रस्ता कसा, रेती किती, नाल्यात पाणी असते काय, सगळं विचारत बसला. मीही सगळं सांगितलं. दुकानातून बाहेर पडेपर्यंत स्कूटर माझी होती.
गाठींचेच घेतले.

२९ ऑक्टोबर
काल छोट्या रेल्वेनं वडश्याले, तिथून मोटरीनं घरी. पूर्ण रस्ता टायर मांडीवर. कपड्यांचा रबराचा वास जाता जात नाई.
आज दवाखान्याच्या आवारात डॉ.नं टायर बसवले. कुसुम चाक धरून, मी पाना द्यायले. ती दोघं एकमेकांशी न बोलता काम करत होती. हे जास्त लागलं. बोलली असती तर ऐकून तरी घेतलं असतं.
टायर पाहून ती म्हणाली, "डॉक्टरांनी छान मागवले."
डॉ. म्हणाला, निवडले मास्तरांनी. ती माझ्याकडं पाहून "हो का" म्हणाली आणि पुन्हा चाकाकडं वळली.

१० नोव्हेंबर
कुसुमच्या कोपराले खरचटलं. लुगड्याले माती.
"कुठी पडली?"
"नाल्यात."
"आणि डॉ.?"
"ते नाही पडले."
एकाच गाडीवर दोघं. एक पडते, एक पडत नाई. पुढं विचारलं नाई. जखमेवर औषध मीच लावलं. ती भिंतीकडं पाहत होती. हसू दाबून राह्यली, असं मले वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
कुसुम दवाखान्यात जाते म्हणून निघाली. सुटीच्या दिवशी दवाखान्यात काय काम? सायकल काढली. लाकडाच्या डेपोमागं मोकळं मैदान आहे, तिथून फटफट ऐकू आली. सागाच्या ओंडक्यांच्या राशीआड थांबलो.
स्कूटर कुसुम चालवत होती. पदर कमरेले खोचलेला. डॉ. मागून पळत होता, एक हात सीटच्या कडीवर, तिच्या पाठीले अगदी लागून. मग त्यानं हात सोडला. ती एकटीच गोल फिरून आली. त्या हाताचा राग आला होता, पण तिचं तोंड पाहिलं आणि हाताचं विसरलो. असं तोंड घरात मी एकदाही पाहिलं नाई. ना लग्नात, ना त्यानंतर.
हाक मारली नाई. परत आलो. ती आली तेव्हा सांगितलं, मी पाहिलं.
"मले काऊन नाई सांगितलं?"
"तुम्ही नाई म्हटलं असतं."
म्हटलंच असतं. ती "नाई" म्हणाली, हे तेवढ्यातही ध्यानात आलं.

५ डिसेंबर
डॉ. तापानं पडलेला. सकाळीच जंगलातल्या एका गावाहून गोंड माणूस धावत आला. बायको कालपासून अडलेली. डॉ.नं पडल्या पडल्याच किल्ली कुसुमच्या हातात दिली. ती मले म्हणाली, "मागं बसा. नाल्यात ढकलायले कोणी पायजे."
बसलो. पेटी मांडीवर घेतली. अख्ख्या बाजारातून तिच्या मागं बसून गेलो. शाळेतली पोरं उभी राहून पाहत होती. नमस्कार करावा की नाई, त्याईले समजेना.
रस्ता म्हणजे नुसते दगड. टायरनं दगा दिला नाई. नाल्यातल्या रेतीत दोनदा ढकललं.
त्या गावात बाया तिच्या नावानं धावत आल्या. ती त्याईच्याशी गोंडीत बोलली, चांगली भराभर. कधी शिकली, मले ठाऊक नाई. मी चिंचेखाली बसलो. एका म्हाताऱ्यानं ताडी पुढं केली आणि विचारलं, डॉक्टरबाबू नाई आले? तुम्ही कोण?
मी म्हटलं, बाईंचा नवरा.
दुपारून पोरगी झाली. आई वाचली. कुसुम बाहेर आली, हात धुतले आणि माझ्याजवळ न बसता त्या बायांतच जाऊन बसली. एवढे दिवस मी एका डॉ.वर जळत होतो. आज त्या सगळ्या गावावर जळलो.

१५ डिसेंबर
डॉ.ची बदली झाली. सिरोंचा. तिकडं नर्सचीही जागा रिकामी आहे, हुद्दा वरचा. त्यानं वरच्या साहेबांकडं कुसुमचं नाव सुचवलं. हे त्यानं मले स्वतः येऊन सांगितलं, तिच्या आधी. डोळ्याले डोळा देऊन. त्यामुळं भांडताही आलं नाई.
तिकडं सगळे तेलुगू बोलतात. माझी शाळा इथी. बदली मागितली तर मिळते की नाई, सांगता येत नाई.
जेवणं झाल्यावर ती सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तुले जावंसं वाटते काय?"
हात थांबला नाई तिचा. म्हणाली, "सिरोंच्याचं विचारून राह्यले, की डॉक्टरचं?"
खरं तर दुसरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "सिरोंच्याचं."
"मग विचार करून सांगते," म्हणाली. थोड्या वेळानं सूप खाली ठेवलं. "दुसरं विचारलं असतं, तर आत्ताच सांगितलं असतं."
अजून ती समोरच बसून आहे. मी लिहून राह्यलो. दोघंही उठत नाई.