शस्त्रदालनातील देव

दि. ४ डिसेंबर १९५४
मी, दामोदर लक्ष्मण पाथोडे, बी. कॉम., वय छप्पन्न, चांद्याच्या शाळेतील निवृत्त वाणिज्य-शिक्षक. येथे येण्याचा हेतू एकच: जमीनदारी गेल्यावर लोकांस खुला झालेला राजवाडा व त्यातील कलासंग्रह नीट पाहणे. उतरलो वनखात्याच्या विश्रामगृहात.

दरबार पाहिला. तैलचित्रांपैकी दोन एकाच राजांची, नाके भिन्न. झुंबर उत्तम. हस्तिदंती बुद्धिबळात एक प्यादे लाकडी. शस्त्रदालनात काचेच्या पेटीत लोखंडी पाते. पाटी, 'शिकारीचा भाला'. अपुरी. अभिप्रायवहीत लिहिले: 'भाल्याचा दांडा गहाळ असल्याचा उल्लेख आवश्यक.' कारभाऱ्यांनी आभार मानून पाटी तत्काळ दुरुस्त करविली. समाधान वाटले.

दि. ५
गाडीवान चैतू मडावी काल दिवसभर फाटकाबाहेर बसून होता. जवळच्याच कोसमटोल्याचा भूमिया, म्हणजे गावाची देवपूजा याच्याकडे. जन्मभर लोकांना येथे आणतो. आत कधी गेला नाही. आज नेले.

शिपाई: "याले काऊन आणलं जी?"
"प्रेक्षक आहे."

पेंढा भरलेल्या वाघापाशी चैतूभाऊ थबकला. "मेल्यावरबी पहारा देऊन राह्यला बिचारा."

शस्त्रदालनात मात्र एकाएकी पागोटे काढून खालीच बसला. "हा भाला नाई जी मास्तर. आमचा पेन आहे." पेन म्हणजे कुळाचा देव.

पूर्वी दसऱ्याला गावोगावचे देव राजवाड्यात भेटीस येत, दुसऱ्या दिवशी परतत. याच्या वडिलांच्या वेळी नदीला पूर आला, देव राहिला. पुढे मागितला तर 'सापडत नाही'. तेव्हापासून गावची हिवाळ्यातली जत्रा देवावाचून.

"आणि दांडा?"

हसला. "बांबूचा असते जी. बाप दर जत्रेले नवा कापे, जत्रा सरली का काढून टाके. अन् भाल्याले घुंगराचे भोकं असते का?"

पुन्हा पाहिले. तीन भोके. काल गंजाने पडली असे समजलो होतो.

दि. ६
कारभाऱ्यांस भेटलो. त्यांनी अभिप्रायवहीच पुढे केली. "बी. कॉम. झालेल्या गृहस्थांनी स्वहस्ते भाला म्हटले आहे. आता देव कुठून आला?"

माझेच अक्षर. सुबक.

त्याच पानावर खाली लिहिले: 'वरील अभिप्राय चुकीचा, चूक माझी. ही वस्तू शस्त्र नव्हे, कोसमटोल्याचा देव आहे. परत करावी.' खाली सही.

"पाथोडे, हे पान फाडावे लागेल."
"अवश्य फाडा. नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल."

गेली. आजच्याच डाकेने.

दि. ९
विश्रामगृह सोडण्यास सांगण्यात आले. कारण नाही. चैतूभाऊच्या ओसरीवर आलो.

सायंकाळी राजवाड्याचा निरोप. जत्रेपुरता एक दिवस 'भाला' उसना मिळेल. पावतीवर चैतूचा अंगठा, आणि मी माझा दुसरा अभिप्राय मागे घ्यावा.

मोह झाला, हे नमूद करतो. एवढ्या वर्षांनी एक दिवस तरी... चैतूभाऊस सांगितले. त्याने विडी पेटविली.

"मास्तर, आपल्या बापाले कोनी उसना मांगते का?" मग, "तुमचं लिवणं खोडू नोका."

नकार कळविला. एका ओळीत.

दि. १२
जत्रा परवा. गावाने ठरविले: या वर्षी राजवाड्याच्या फाटकासमोर, उघड्यावर. कारभाऱ्यांचा निरोप, फाटकाला कुलूप राहील, पोलीस असतील.

चैतूभाऊची बायको सोनाबाई तांदूळ निवडीत होती. मान वर केली नाही. "राहू द्या कुलूप. पेनले ढोल आयकाले येते. कुलूप ढोलाले नाई लागत."

मलाही स्वतंत्र सूचना आली: निवृत्त माणसाने जपून राहावे. छप्पन्न वर्षे जपूनच राहिलो. त्या जपण्यातून एक चुकीची पाटी पक्की झाली.

जिल्हाधिकाऱ्यांचे उत्तर नाही. चांद्याची मोटार उद्या सकाळी सुटते. मी तीत नसेन. परवा फाटकापाशी उभा राहीन, आणि विचारणाऱ्या प्रत्येकास, पोलिसांसही, पेटीत काय आहे ते सांगेन. पेटी उघडेल की नाही, हे माझ्या हाती नाही.

दा. ल. पाथोडे
कोसमटोला, चांदा जिल्हा
१२ डिसेंबर १९५४