गच्चीवरची धूळ

१२ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीनं नातेपुत्याहून सोलापुरात उतरले आणि दुपारपर्यंत खोलीसुद्धा लागली. एमएस्सीनंतर इतक्या लवकर विद्यापीठात संशोधनाचं काम मिळेल असं वाटलं नव्हतं. खोली अक्कम्मांच्या घराच्या गच्चीवर आहे. त्या अक्कलकोटकडच्या, एकट्याच राहतात, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढं ठेवलं आणि जेवल्याशिवाय बॅग उघडू दिली नाही. खोलीत मात्र बोटभर धूळ. झाडताना शिंकून शिंकून बेजार झाले.

दारासमोरच आमचं यंत्र. पंप हवा ओढतो, हवा तळहाताएवढ्या पांढऱ्या गोल कागदातून जाते, धूळ कागदावर अडकते. आधी कोरा कागद तोलायचा, दुसऱ्या दिवशी परत तोलायचा. शहर श्वासातून काय घेतंय ते एवढ्यावरून कळतं. माझ्याआधी हे काम करणारा, याच खोलीत राहणारा शिवशरण पुण्याला नोकरी लागली म्हणून अचानक गेला असं आमचे प्रकल्पप्रमुख देवदत्त सर म्हणाले. त्याचं नशीब आणि माझंही.

२० नोव्हेंबर

काम अंगवळणी पडलं. कागद चिमट्यानंच उचलायचा, हात लावायचा नाही. गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, त्यामुळे कागदावर सुताचे तंतू सापडतात. शिवाय कचरा जाळल्याची काजळी, रस्त्याची माती. प्रत्येकाचा रंग वेगळा. मला हे बघायला आवडतं.

पण गच्चीवर एक करडी धूळ पडते, ती ओळखू येत नाही. अक्कम्मा सकाळी झाडतात, दुपारी पुन्हा थर. शिवशरण असतानाही अशीच पडायची म्हणाल्या. तो गेला आणि बंद झाली. आता परत सुरू.

३ डिसेंबर

मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस गावी होते. तेवढे दिवस सरांनी कागद बदलले. ते कागद जवळजवळ कोरे. माग चालू होते, वाराही तोच. मी आले त्या दिवसापासून धूळ पुन्हा दुपटीवर. सर म्हणाले, कुठंतरी हवा गळत असेल, रबराची कडी तपास. तपासली. गळत नाही.

९ डिसेंबर

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माती कमी, काजळी कमी. बाकी सगळे पातळ, चपटे पापुद्रे. माणसाच्या कातडीचे.

सर हसले. कातडी सगळ्यांचीच झडते, घरातल्या धुळीत असतेच म्हणाले. घरात ठीक आहे. उघड्या गच्चीवर एवढी?

अंगठी सैल झाली आहे. जेवते नेहमीसारखी, अक्कम्मा वाढत राहतात, तरी ड्रेस ढगळ होत चाललेत.

१५ डिसेंबर

शिवशरणच्या वेळचे कागद काढले. तेच पापुद्रे. दिवसेंदिवस थर वाढत गेलेला. शेवटचा कागद तर इतका भरलेला की पंपच बंद पडला होता. त्यानंतर काही नाही, स्वच्छ.

सरांना म्हटलं, त्याला एक फोन लावा. म्हणाले, त्याचा फोन बंद आहे, घरचेही विचारत होते. पुण्याच्या नोकरीचं तो आधी कधीतरी बोलला होता, त्यावरून तो तिकडंच गेला असं तेच धरून चालले.

घरी येऊन अक्कम्मांना विचारलं. त्या खाली, जिन्यालगतच्या दारात शेंगा फोडत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, “खाली उतरलाच न्हाय गं तो. मी हितंच बसले होते. वर जाऊन बघतेय तर खोली रिकामी. लई धूळ पडली होती तेवडी.”

त्या धुळीतच मी पहिल्या दिवशी झाडू मारला.

१९ डिसेंबर

विभागातलं हजेरीचं यंत्र माझं बोट घेत नाही. दहाही बोटं लावून पाहिली. भिंगाखाली धरली तर रेषा नाहीत, गुळगुळीत. बोट टेबलावर घासलं तर मागं करडा पट्टा उमटला. दुखत नाही, हेच भयंकर आहे. डॉक्टर म्हणाले थंडीनं कातडी कोरडी पडलीय, मलम दिलं.

२२ डिसेंबर

अक्कम्मांना खोकला लागलाय. त्यांच्या ताटावर, पाण्याच्या घागरीवर करडा थर. शिवशरणचं जे होतं ते मी श्वासातून घेतलं. माझं आता त्या घेताहेत.

आज सगळं सांगितलं. हात दाखवले. कुंभारीला लेकीकडं जा म्हणून पाया पडले. त्यांनी माझा हात पदरानं पुसला, पदर करडा झाला, तरी सोडला नाही.

“येडी हायेस का तू? अशी आजारी पोर टाकून कुटं जाऊ?”

२४ डिसेंबर

म्हटलं मीच जाते. नातेपुत्याची गाडी धरली. शेजारी एक बाई, मांडीवर तान्हं बाळ. ते झोपेत खोकायला लागलं. पाहिलं तर त्याच्या पापण्यांवर करडं काहीतरी. ती बाई फुंकर मारत होती. मी खिडकीकडं तोंड फिरवून श्वास धरला. मोहोळला उतरले.

घरी आई आहे. जाऊ शकत नाही.

परतीला टमटमच्या मागच्या बाजूला उभी राहून आले. इथं निदान यंत्र आहे.

२५ डिसेंबर

यंत्र खोलीत ओढून घेतलं. दार-खिडकीच्या फटीत ओल्या चिंध्या. पंप चालू. माझं जे झडेल ते कागदात अडकावं, बाहेर जाऊ नये. कागद भरला की बदलते. पूर्वी दिवस लागायचा, आता तासात करडा, गच्च.

सरांना फोन केला. दार उघडू नका, अक्कम्मांना इथून हलवा एवढंच मी बोलले. सर म्हणाले, सुट्टी घे, ताण आलाय तुला.

२६ डिसेंबर

अक्कम्मा दाराबाहेर बसून रडल्या. मी आतून ओरडले — त्यांच्यावर, पहिल्यांदाच. शेवटी कबूल झाल्या. उद्या लेक रिक्षा पाठवणार. नातवंडांची शाळा बंद आहे, सगळी घरीच असतात, वाट बघताहेत म्हणाल्या.

बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बोलले की तोंडातून धूर निघाल्यासारखं होतं. धूर नाही तो.

२७ डिसेंबर

पेन धरता येत नाही. पेन्सिल मुठीत.

अक्कम्मा दाराशी आल्या. भाकरी ठेवली. निघायच्या आधी रेशनचे गहू आणायला गेल्या होत्या. मशीननं अंगठा घेतला नाही. सगळी बोटं लावली. दुकानदार म्हणाला, म्हातारपणी रेषा झिजतात आजी. हसत सांगत होत्या.

मागच्या महिन्यात घेतला होता, असंही म्हणाल्या —

त्यांना जाऊ देता येणार नाही. मीच पाठवतेय. मीच —

फोन उचलला. काच माझं बोट ओळखत नाही.

रिक्षा आलीय खाली. हॉर्न. अक्कम्मा जिना उतरताहेत, खोकत.

हाक मारली. आवाज नाही. नुसती धूळ. कागद भरलाय, पंप थांबला.

दार उघडलं तर गल्लीभर — न उघडलं तर कुंभारीची पोरं —

खिडकीच्या चिंध्या काढते. खिडकीतून हात तरी दिसेल. पोरांना जवळ घेऊ नका एवढं जर त्यांना —

हात कुठं