पायाळूचा पाय

४ ऑगस्ट
धाकट्या भावाच्या, रामधनच्या कंबरेत उसण भरली. बंद पडलेल्या टेम्पोला धक्का मारत होता म्हणे. बरोबर माझ्याच दारी आला. मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, डोकं मागून. बायको म्हणते, डोकं अजून यायचंच आहे. तांड्यात मात्र उसण काढायला माझ्या लाथेला मान आहे. उजवा पाय तीनदा लावला. केस क्लोज.

५ ऑगस्ट
पुन्हा आला. चिवट उसण. जोर वाढवला. ओरडला. म्हणजे निघतेय.

७ ऑगस्ट
रामधनला ताप. थंडी वाजून येतेय. उसण बाहेर पडताना अंग तापतंच. पाय लावला तर कंबर तव्यासारखी! माझा तळवा पोळला. पॉवर उतरल्याची खूण, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.
त्याची बायको उज्ज्वला म्हणे, दादा, पुसदले नेऊ का? मी म्हटलं, काहून? मी मेलो का?

९ ऑगस्ट
उजवा पाय पोटाशी घेऊन पडलाय. सरळ केला की किंचाळतो. लहानपणापासूनच नाटकी. संकल्प: उद्या मीच सरळ करणार.

१० ऑगस्ट
उज्ज्वलाने मला न विचारता पुसदला नेला. घोर अपमान. मागोमाग गेलो. कॅज्युअल्टीत डॉक्टर प्रेरणा, अगदी पोरगी. तिने पाय नुसता सरळ करून पाहिला आणि लगेच सोनोग्राफी सांगितली. कंबरेच्या आतल्या स्नायूत पू. विष रक्तात पसरलंय. म्हणाली, वरून काही दिसत नाही, पण ताप आला तेव्हाच आणायचं होतं, सुईने पू काढला असता. कोणी थांबवलं, असंही विचारलं. उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे.

१३ ऑगस्ट
रामधन गेला. काही लिहवत नाही.

२० ऑगस्ट
दवाखान्यातच काहीतरी चुकलं असणार. चांगला बोलत होता माझ्याशी.
तळवा अजून गरम लागतो. नव्या चपलेमुळे असेल. उद्यापासून जुनी घालीन.

२६ ऑगस्ट
जुन्या चपलेतही तेच. अनवाणीही तेच. मानीबाई उसण घेऊन आली होती. पाय मुरगळलाय सांगून परत पाठवली.

२ सप्टेंबर
उज्ज्वला आली. बसली नाही. एवढंच विचारलं, दादा, पाय लावला तवा त्याईची कंबर गरम लागली नव्हती का? मी म्हटलं, नाही लागली. ती गेली.
भीती वाटते. पाय थंड पाण्याच्या बादलीत घालून बसलो. पाणी कोमट झालं. बदललं. तेही झालं.